फोमचा डॅशबोर्ड तडकलाय? आधी नख लावून बघा

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डला भेग दिसली की हात लगेच भेग बुजवायच्या फिलरकडे जातो. त्याआधी एक परीक्षा करा. भेगेपासून चार बोटं लांब, जिथे वरवर काहीच बिघडलेलं दिसत नाही, तिथे अंगठ्याचं नख दाबा. नखाचा व्रण थोड्या वेळात विरून गेला तर कातडीत अजून जीव आहे. व्रण तसाच राहिला तर ती थकली आहे, पण दुरुस्ती होईल. आणि नखाखाली कडक टक् आवाज आला किंवा बारीक कपची उडाली, तर भेग भरण्यात एक रुपयाही घालू नका. तिथे भरलेली भेग टिकेलही, पण तिच्या शेजारी नवी पडेल. फसलेली बहुतेक कामं याच कारणाने फसतात. भरलेली जागा शाबूत असते आणि दोन इंचांवर दुसरी भेग उभी असते.

इथे बोलतोय तो डॅश तीन थरांचा. आत पत्र्याचा किंवा कडक प्लॅस्टिकचा सांगाडा, त्यावर फुगवलेला पॉलियुरेथेन फोम, आणि वर साधारण एक मिलिमीटर जाडीची पीव्हीसीची कातडी. काँटेसा, मर्सिडीजची डब्ल्यू १२३ आणि त्या पिढीच्या बऱ्याच गाड्यांत असाच मऊ डॅश आहे. जुन्या ॲम्बेसिडरचा पत्र्याचा डॅश किंवा मारुती ८०० चा कडक प्लॅस्टिकचा डॅश हा वेगळा विषय, त्यांना यातलं फारसं लागू होत नाही.

फोम तिथे शोभेसाठी घातलेला नाही. धडक बसल्यावर डोकं किंवा छाती डॅशवर आदळली तर मार कमी बसावा म्हणून तो आहे. अमेरिकेत १९६८ पासून गाडीच्या आतल्या भागांसाठी तसा सुरक्षा नियमच लागू झाला. म्हणून चालकाच्या आणि शेजारच्या माणसाच्या समोरची कड फायबर रेझिन ओतून दगडासारखी टणक करू नये, असं आमचं ठाम मत आहे. दिसायला काम छान होतं, पण डॅशचा मूळ हेतूच संपतो.

आता कातडी तडकते का ते बघू. पीव्हीसी मुळात कडक. सांडपाण्याचा पाइप असतो तेच हे प्लॅस्टिक. त्यात तेलासारखं प्लॅस्टिसायझर मिसळून ते मऊ केलेलं असतं. गाडी उन्हात उभी राहिली की काचेखालचा डॅश ७० अंश सेल्सिअसच्या आसपास सहज जातो, आणि वर्षानुवर्षं ते तेल थोडं थोडं उडत राहतं. समोरच्या काचेवर आतून जो तेलकट धूसर थर बसतो आणि रात्री समोरचे दिवे ज्यात पसरतात, त्यात या तेलाचा मोठा वाटा असतो. तेल गेलं की कातडी कडक होते आणि आकसते. सव्वा मीटर लांबीचा डॅश एक टक्का आकसला तरी साडेबारा मिलिमीटर कातडी कमी पडते. सगळीकडून ताणलेली कातडी मग जिथे कोपरा आहे तिथे फाटते: स्पीकरच्या जाळीचे कोपरे, काचेवर हवा मारणाऱ्या झरोक्यांची टोकं, स्क्रूची भोकं, मीटरवरच्या छपराचं वळण.

हे समजलं की एक मोह टळतो. भेगेच्या उचललेल्या कडा हीट गनने गरम करून, खाली दाबून, गोंदाने एकमेकींना चिकटवायचा तो मोह. त्या कडा पुन्हा भेटत नाहीत, कारण मधली कातडी आता उरलेलीच नाही. ओढून भेटवल्या तर तोच ताण दुसरीकडे जाऊन दुसरी भेग पाडतो.

काम कधी करायचं हेही ठरवून घ्या. कोल्हापुरात नोव्हेंबर ते मार्च हा यासाठी उत्तम काळ. जून ते सप्टेंबर नकोच. आतली पोकळी भरायला दोन द्रव मिसळून करायचा, दोन भागांचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम लागतो, तो दमट हवेत बिघडतो. त्यातल्या आयसोसायनेट या रसायनाची पाण्याशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो, मग फोममध्ये मोठे फुगे पडतात आणि तो ठिसूळ होतो. लवकर वाळणारा रंगही पावसाळ्यात पांढरट पडतो.

डॅश गाडीतून बाहेर काढूनच काम करा. आत बसून वरवर डागडुजी करता येते, पण काचेखालच्या कडेपर्यंत हात पोचत नाही, आणि सर्वांत जुनी भेग बहुधा तिथूनच निघालेली असते. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. प्रत्येक कनेक्टरला कागदी टेप लावून नंबर घाला आणि फोटो काढा. स्पीडोमीटरची केबल, हीटरच्या तारा, चोक असेल तर त्याची तार, या आधी सोडवा. सांगाडा ओढताना याच अडकतात आणि तुटतात. स्क्रू जागेनुसार वेगवेगळ्या पिशव्यांत. थंडीतल्या सकाळी डॅश काढू नका, गार कातडी काचेसारखी तडकते. गाडी अर्धा तास उन्हात ठेवा, मग दोघांनी दोन टोकांना धरून सरळ बाहेर आणा. एकट्याने ओढला की मध्ये वाकतो आणि एका भेगेच्या तीन होतात. शेजारच्या सीटसमोर एअरबॅग असलेली गाडी असेल तर तिच्या झाकणावर फिलर, जाळी, रेक्झिन, रंग, काहीही लावू नका. ते झाकण ठरलेल्या रेषेवर फाटण्यासाठीच पातळ केलेलं असतं.

खरा वेळ खाते ती सफाई. चकाकीसाठी वर्षानुवर्षं मारलेलं सिलिकॉनचं डॅश पॉलिश हा या कामाचा सर्वांत मोठा शत्रू. ते कातडीत मुरलेलं असतं आणि त्यावर गोंद, फिलर, रंग काहीच धरत नाही. रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखी गोल गोल भोकं पडतात. आधी कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून मऊ ब्रशने धुवा, पण भेगेतून फोममध्ये पाणी जाऊ देऊ नका. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने किमान तीन वेळा पुसा, दर वेळी नवीन फडक्याने. तेच फडकं फिरवलं तर सिलिकॉन निघत नाही, फक्त पसरतं. रंग पातळ करायचा साधा एनसी थिनर किंवा ॲसिटोन वापरू नका, त्याने पीव्हीसी फुगते आणि चिकट होते. सफाई पुरी झाली का हे पाण्याने कळतं. थोडं पाणी शिंपडा. ते थेंब होऊन घरंगळलं तर पुन्हा पुसा, सपाट पसरलं तर पुढे जा.

भेगेच्या प्रत्येक टोकाला ३ मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडा. टोकदार भेग पुढे धावते, गोल भोकापाशी थांबते. मग उचललेल्या कडा कापायच्या. प्रत्येक बाजूने ६ ते ८ मिलिमीटर, उभ्या न कापता तिरक्या, म्हणजे वर रुंद आणि खाली अरुंद असा उतार येईल. या कापाला कटरपेक्षा चपलाकाम करणाऱ्यांची रापी फार सरस. चामड्याची कड सोलून पातळ करायचं तेच तंत्र इथे लागतं, आणि कोल्हापुरात रापी व तिला धार लावून देणारा माणूस दोन्ही सहज मिळतात. उतार का हवा? फिलरची कड शून्यापर्यंत पातळ होत गेली की जोड घासल्यावर दिसत नाही, आणि चिकटायला जागाही जास्त मिळते.

आता आतला फोम. बोटाने दाबला आणि परत वर आला तर राहू द्या. पिवळसर भुगा होत असेल तर घट्ट फोम लागेपर्यंत खरवडून काढा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या. भुग्यावर काहीही टिकत नाही. सांगाड्याचा पत्रा उघडा पडला तर गंज बघा. कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांत फोमने पाणी धरून ठेवलेलं असतं आणि वरून धड दिसणाऱ्या डॅशखाली पत्रा कुजलेला सापडतो. तारेचा ब्रश, फॉस्फोरिक ॲसिडवालं गंजरोधक, वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर, आणि पूर्ण दोन दिवस वाळवण. हे टाळून वर नवा फोम ओतला तर गंज फुगून तो खालून उचलतो.

खड्डा बोटभरापेक्षा लहान असेल तर फोमची गरज नाही, थेट लवचिक फिलर भरा. मोठ्या पोकळीसाठी दोन भागांचा, दाबल्यावर थोडा दबणारा पीयू फोम घ्या. थर्माकोलसारखा टणक नको. दोन्ही भाग विकणाऱ्याने दिलेल्या प्रमाणात वजन काट्यावर मोजा, अंदाजाने नाही. ढवळायला १५ ते २० सेकंद मिळतात. एका वेळी ५० ग्रॅमपेक्षा जास्त करू नका, पोकळी टप्प्याटप्प्याने भरा. तो बऱ्याच पटींनी फुगतो, म्हणून पोकळीचा थोडाच हिस्सा भरेल एवढा ओता. दारं-खिडक्या बसवणाऱ्यांचा डब्यातला स्प्रे फोमही चालतो, पण तो हवेतल्या ओलाव्याने वाळतो. जाड थर मारला तर वरून कडक आणि आत ओला राहतो, आणि आठवड्याने रंगलेल्या डॅशला टेंगूळ येतं. दोन-अडीच सेंटिमीटरचे थर द्या आणि शेवटच्या थरानंतर २४ तास थांबा. हातमोजे आणि सेंद्रिय वाफांचा मास्क घाला. साधा कापडी मास्क आयसोसायनेट अडवत नाही, आणि दमा असलेल्या माणसाने या खोलीत येऊच नये. कापलेले फोमचे तुकडे जाळू नका, त्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो.

काही जण पोकळीत थर्माकोल कोंबून वर पॉलिस्टर रेझिन मारतात. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं आणि आत पोकळी पुन्हा तयार होते. पीयू फोमवर हा त्रास होत नाही.

वाळलेला फोम कातडीच्या पातळीपेक्षा ३ मिलिमीटर खाली कापा. ती जागा फिलरची. पत्र्याला मारायची साधी पुट्टी, आपण जिला लांबी म्हणतो, ती इथे वापरू नका. ती टणक, खालचा फोम मऊ, शेजारची कातडी उन्हात हलणारी. पहिल्याच उन्हाळ्यात पुट्टीच्या कडेने केसासारखी रेघ उमटते. बंपर दुरुस्तीचं दोन भागांचं लवचिक फिलर घ्या. पाच-सहा भेगांच्या डॅशला ४०० ते ५०० ग्रॅम पुरतं. पहिला पातळ थर द्या, तो ओला असतानाच भेगेच्या दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर जाईल अशी फायबरची बारीक जाळी त्यात बसवा. जाळीसाठी तिथली कातडी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने किंचित घासून खाली घेतलेली असावी, नाहीतर जागा उंच राहते. जाळीमुळे ताण एका रेषेवर न येता पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात वाटला जातो. मग एकेक मिलिमीटरचे दोन-तीन थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावरच पुढचा.

घासताना ८०, १५०, २४०, ३२० असे पेपर चढत जा, आणि पेपर बोटांनी धरू नका, रबरी ठोकळ्याला गुंडाळा. बोटांनी घासलं की मऊ कातडीत खळगे पडतात, कारण ती फिलरपेक्षा लवकर झिजते. सपाटी डोळ्यांनी कळत नाही. डॅशवर पातळ सुती कापड टाका आणि डोळे मिटून त्यावरून तळहात फिरवा. कापडामुळे हात अडखळत नाही आणि अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही जाणवतो. याच टप्प्यावर डॅश एकदा गाडीत ठेवून बघा. ग्लव्ह बॉक्सचा खण, झरोके, मीटर, सगळं आपापल्या जागी बसतंय ना? रंगानंतर कळलं तर उपयोग नाही.

दुरुस्त जागा आता गुळगुळीत आणि बाकी डॅशवर चामड्यासारखे दाणे. हा फरक राहिला तर काम उघडं पडतं. चांगला उपाय म्हणजे त्याच डॅशच्या धड भागाचा ठसा घेणं. स्वच्छ, सपाट, तळहाताएवढ्या जागेभोवती मातीचा बांध घाला, आत साच्याचं सिलिकॉन रबर ५ मिलिमीटर जाड ओता. हार्डनर डब्यावर सांगितला असेल तेवढाच, बहुधा २ ते ३ टक्के. २४ तासांनी सोला, दाण्यांचा ठसा तयार. फौंड्रीचे, म्हणजे ओतकामाचे, पॅटर्न करणाऱ्यांचं साहित्य कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात बघा, तिथे ठशाची बारीकी समजणारी माणसंही भेटतात. फिलरचा शेवटचा कागदाएवढा पातळ थर दिला की तो घट्ट होऊ लागताच ठसा सरळ दाबा आणि सरळ उचला. घसरला तर दाणे फराटतात. लवकर दाबला तर फिलर ठशाबरोबर वर येतो, उशिरा दाबला तर काही उमटत नाही. म्हणून आधी पुठ्ठ्यावर दोन-तीनदा सराव करा. ठशानंतर ती जागा पुन्हा अल्कोहोलने पुसा, सिलिकॉनचा अंश राहतोच. ठसा जमत नसेल तर टेक्स्चर स्प्रे आहे. तो फक्त भेगेवर मारू नका, एखाद्या नैसर्गिक कडेपर्यंत अख्खा वरचा भाग घ्या, म्हणजे फरक नजरेत येत नाही.

रंग व्हिनाइलसाठीचा लवचिक आणि पूर्ण मॅट. चमकणारा डॅश समोरच्या काचेत उमटतो आणि दुपारी रस्ता दिसेनासा होतो. प्लॅस्टिकचं प्रायमर एक पातळ हात, मग २० ते २५ सेंटिमीटर अंतरावरून रंगाचे चार-पाच पातळ हात, मध्ये १० ते १५ मिनिटं. ४०० मिलिलिटरचे दोन डबे पुरतात, एकाच बॅचचे घ्या. जाड हात मारला तर दाणे बुजतात.

नखाच्या परीक्षेत नापास झालेला डॅश मात्र रेक्झिनने मढवावा लागतो. कपच्या उडणारी जुनी कातडी पूर्ण सोलून, फोम वर सांगितल्यासारखा भरून आणि घासून घ्या. जुन्या भेगांवर नुसतं रेक्झिन चढवलं तर महिन्याभरात त्या खालून उमटतात. सीट कव्हरचं साधं विणलेल्या पाठीचं रेक्झिन वळणावर चुण्या पाडतं. जर्सीसारख्या पाठीचं, चारही बाजूंना ताणणारं मागा. ५४ इंची पन्ह्याचं दोन मीटर लागतं. खाली फोम चिकटवलेलं रेक्झिन नको, तो पातळ फोम उन्हाने भुगा होतो आणि वरचं सगळं सुटतं.

मढवण्यात हार होते ती मीटरच्या छपराखालच्या आतल्या वळणावर. तिथे रेक्झिन ताणून चिकटवलेलं असेल तर उन्हात गोंद मऊ झाला की ते सरळ होऊ पाहतं आणि तंबूसारखं उचलतं. उष्णता सोसणारा संपर्क गोंद (कॉन्टॅक्ट ॲडेसिव्ह) घ्या, दोन्ही बाजूंना लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत १० ते १५ मिनिटं थांबा, आणि सर्वांत खोल जागेपासून सुरुवात करून बाहेर या. हीट गन सतत हलती ठेवा. रेक्झिन चमकायला लागलं म्हणजे दाणे वितळले, तो तुकडा गेला. वळण फार खोल असेल तर हट्ट सोडा आणि तिथे शिवण घ्या, शिवणीबाहेर १० मिलिमीटर रेक्झिन सोडून, पॉलिस्टरच्या दोऱ्याने. नीट बसलेली शिवण मूळ डॅशवर असल्यासारखी शोभते.

रंगलेला किंवा मढवलेला डॅश दोन-तीन दिवस सावलीत ठेवून मगच बसवा. जिथे स्क्रू कातडीतून जातो तिथे भोक एक मिलिमीटर मोठं करून वॉशर टाका, आणि स्क्रू टेकेपर्यंतच आवळा. उन्हात कातडीला हलायला जागा मिळाली नाही तर पहिली भेग त्या भोकातूनच निघते. त्यानंतर सिलिकॉनचं किंवा तेलकट पॉलिश कधीच नको, ओलं फडकं पुरेसं आहे. गाडी उन्हात लावताना काचेला आतून परावर्तक पडदा लावा.

मेच्या अखेरीस एकदा संध्याकाळी टॉर्चचा आडवा प्रकाश डॅशवर टाका. भरलेल्या जागेच्या कडेने बारीक रेघ दिसली तर ती तेव्हाच दोन मिलिमीटर खोल कोरा, अल्कोहोलने पुसा, लवचिक फिलर भरा आणि रंगाचा हात द्या, पहिला पाऊस यायच्या आत.